तुकडा तपासायला दिल्यानंतर

ऑपरेशन थिएटरचं दार किलकिलं होतं, सिस्टर बाहेर येतात, पेशंटचं नाव पुकारतात आणि पुढे आलेल्या नातेवाइकाच्या हातात फॉर्मलीन भरलेली प्लॅस्टिकची डबी ठेवतात. "हा तुकडा लॅबमध्ये नेऊन द्या. रिपोर्ट चार-पाच दिवसांनी मिळेल." मोठ्या रुग्णालयांत ही ने-आण आतल्या आत होते. पण नाशकात लहान-मध्यम दवाखाने इतके आहेत, की मुंबई नाक्याकडून कॅनडा कॉर्नरकडे निघालेल्या एखाद्या स्कूटरच्या डिकीत अशी डबी असणं अगदी रोजचं आहे. डबीला चिकटवलेल्या पट्टीवर नाव, वय, तारीख आणि अवयव लिहिलेला असतो. चार दिवसांनी रिपोर्ट येतो, घरचे धास्तावून तो उघडतात, डॉक्टरांना दाखवतात, फाइलीला लावतात. तुकड्याचं पुढे काय झालं, हे कुणी विचारत नाही. विचारायचं असतं हेच कुणाला ठाऊक नसतं.

त्या तुकड्याला मात्र पुढे बरंच आयुष्य असतं. पॅथॉलॉजिस्ट त्यातले नेमके भाग निवडून कापतात. ते रसायनांतून काढून मेणात बसवले जातात आणि नखाएवढ्या मांसाचा एक पांढरा, टणक ठोकळा तयार होतो. लॅबमधले लोक त्याला 'ब्लॉक' म्हणतात. मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे पापुद्रे निघतात, कोमट पाण्यावर तरंगतात, काचेवर उचलले जातात आणि गुलाबी-जांभळ्या रंगात रंगवले जातात. रिपोर्ट लिहिला जातो तो या काचेवरून. ब्लॉक मात्र जवळपास तेवढाच शिल्लक राहतो आणि खणात जातो. नीट ठेवला तर वीस-तीस वर्षांनीही त्यातून नवे पापुद्रे काढता येतात. जुन्या रुग्णालयांत असे खण भिंतीच्या भिंती व्यापून असतात. एखाद्या जिल्ह्याच्या आजारांचा इतका खरा दस्तऐवज दुसऱ्या कुठल्या दप्तरात सापडणार नाही.

हे पुस्तक त्या खणांविषयी आहे. माणसाच्या शरीरातून निघालेला तुकडा, रक्त, लाळ, नाळेतलं रक्त हे सगळं संशोधकापर्यंत कसं पोचतं, कसं पोचायला हवं, मध्ये कोण कोण असतं आणि ज्याचा तो तुकडा त्याचं यात काय, हा याचा विषय. मराठीत यावर सलग असं फारसं लिहिलं गेलेलं नाही. प्रस्तावना लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच, की बँकेतून निवृत्त झाल्यावर मी एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर 'सामान्य व्यक्ती' म्हणून बसू लागलो. अशा समितीत डॉक्टर असतात, वकील असतो, समाजशास्त्र जाणणारं कुणी असतं आणि यातलं काहीच नसलेला एक माणूस असावा असा नियम आहे. तो मी. समितीसमोर आलेला संमतीचा कागद वाचायचा आणि मला कळला का ते सांगायचं, हे माझं काम. पहिल्या वाचनात कळला असं सांगायची वेळ क्वचितच येते.

सुरुवात कायद्यापासून करायला हवी, कारण या पुस्तकाचा मूळ पेच तिथेच आहे. माणसाच्या शरीराचा भाग दुसऱ्या माणसात बसवायचा असेल, तर १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा आहे. तो सुरुवातीला ज्या राज्यांत लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर डोळ्याचं बुबुळ, त्वचा, हाड, हृदयाच्या झडपा अशा ऊतीही त्याच्या कक्षेत आल्या. बेवारस मृतदेह किंवा देहदान केलेलं शरीर वैद्यकीय महाविद्यालयाला द्यायचं, तर १९४९ चा मुंबई शरीरशास्त्र कायदा आहे. आणि कापलेला भाग निव्वळ टाकून द्यायचा, तर २०१६ चे जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आहेत: पिवळी पिशवी, ४८ तासांच्या आत विल्हेवाट. म्हणजे दुसऱ्याला बसवायचा अवयव, शिकायला दिलेला देह आणि कचरा या तिन्हींसाठी आपल्याकडे कायदा आहे. जिवंत माणसाचा तुकडा संशोधनासाठी ठेवायचा असेल, तर स्वतंत्र कायदा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यातली आताची २०१७ ची, आणि २०१९ च्या नियमांनी अशा संशोधनावर देखरेख करणाऱ्या एथिक्स कमिट्यांना सरकारदरबारी नोंदणी सक्तीची केली आहे. बाकी सगळं त्या त्या रुग्णालयाच्या सचोटीवर.

आता हीच तत्त्वं काय म्हणतात ते पाहा. नमुना ज्याचा, मालकी त्याची. संस्था, संशोधक, नमुने साठवणारी बायोबँक हे त्याचे केवळ विश्वस्त. देणाऱ्याला तो परत मागता येतो. त्यातून पुढे पैसा निर्माण झाला तर त्यातला वाटा देणाऱ्यापर्यंत किंवा त्याच्या समाजापर्यंत कसा जाईल, याचा विचार आधी करायचा आणि संमतीपत्रात तसं लिहायचं. इतकी उदार भूमिका अमेरिकेतल्या न्यायालयानेही घेतली नाही. जॉन मूर नावाच्या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णाची प्लीहा १९७६ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठ रुग्णालयात काढली गेली. तिच्यातल्या पेशींपासून डॉक्टरांनी प्रयोगशाळेत वाढत राहणारी पेशीमालिका तयार केली, पेटंट घेतलं. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की डॉक्टरांनी आपला आर्थिक हेतू लपवला हे चूकच, पण शरीराबाहेर गेलेल्या पेशींवर रुग्णाची मालकी राहत नाही. आपल्याकडे कागदावर रुग्ण मालक आहे. त्या मालकाला आपण मालक आहोत हे सांगणारं मात्र कुणी नाही.

आयुष्यभर बँकेत काढलेल्या माणसाला हा प्रकार फार ओळखीचा वाटतो. ठेवीदाराला पासबुकच दिलं नाही, तर ठेव त्याचीच असूनही ती बँकेची होते. माझ्या मते या साऱ्या विषयातलं नैतिकतेचं काम तेवढंच आहे: विचारून घ्यायचं, नोंद ठेवायची आणि मागेल त्याला हिशेब द्यायचा. पुस्तकात याहून मोठे शब्द पुष्कळ येतील. वाचकाने त्यांना दबून जाऊ नये.

या विषयावर कुठेही बोलणं निघालं की पहिलं नाव हेन्रिएटा लॅक्सचं येतं, आणि ते यायलाही हवं. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतला तुकडा तिला न विचारता घेतला गेला. त्या पेशी काचेच्या भांड्यात वाढत राहिल्या आणि 'हेला' या नावाने जगभर गेल्या. त्या वर्षीच ऑक्टोबरमध्ये ती वारली. घरच्यांना हे कळायला १९७० चं दशक उजाडलं. एका बड्या कंपनीने तिच्या वारसांशी तडजोड केली ती २०२३ मध्ये. हेला पेशी आपल्यालाही परक्या नाहीत. देशभरच्या प्रयोगशाळांना पेशीमालिका पुरवणारं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र पुण्यातच आहे आणि तिथल्या संग्रहात त्या आहेत.

पण मराठी वाचकाला त्याच सुमाराची एक घरची गोष्टही माहीत असायला हवी. मुंबईच्या परळला केईएम रुग्णालय आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. वाय. एम. भेंडे काम करत होते. दोन जखमी माणसांना रक्त द्यायची वेळ आली. एक रेल्वे अपघातातला, दुसरा सुरीहल्ल्यातला. कुठल्याच गटाचं रक्त त्यांना जुळेना. ओ गटाचं, सगळ्यांना चालतं असं आपण समजतो ते रक्तही त्यांच्या रक्तात गुठळ्या करत होतं. पुढे तसाच आणखी एक माणूस सापडला. नमुने लंडनला, लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या रेस आणि सँगर यांच्याकडे गेले. १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निबंध आला. त्यावर भेंडे, देशपांडे, भाटिया यांच्याबरोबर लंडनच्या शास्त्रज्ञांची नावं होती. तो 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाचा असतो, युरोपात त्याहून कितीतरी दुर्मीळ. ए-बी-ओ गट मुळात कशाचे बनतात हे कळायला या शोधाची मोठी मदत झाली, आणि आजही अशा रुग्णाला रक्त लागलं की महाराष्ट्रातून रक्तदाते शोधून विमानाने पिशव्या रवाना होतात. शहराचं नाव विज्ञानात कायमचं कोरलं गेलं. त्या तीन माणसांची नावं मात्र आपल्याला माहीत नाहीत. नसावीतही, कारण रुग्णाचं नाव झाकणं हाच शिष्टाचार. पण आपलं रक्त साता समुद्रापार गेलं आणि त्याने वैद्यकाला काय दिलं, हे त्यांना कधी कुणी सांगितलं असेल का, हा प्रश्न मला सोडत नाही.

भेंड्यांना दोष देण्याचा इथे प्रश्न नाही. तेव्हाचा रिवाजच तसा होता, जगभर. डॉ. वसंत रामजी खानोलकरांचंच पाहा. १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा मेमोरियलची प्रयोगशाळा त्यांनी उभी केली, १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरची धुरा घेतली. कमरेला धोतर घट्ट बांधण्याच्या सवयीतून त्या जागी होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचं वर्णन त्यांनी १९४५ मध्ये जगासमोर ठेवलं. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचं नातं आपल्या लोकांच्या अंगावर दाखवून दिलं. हे सगळं रुग्णांच्या तुकड्यांवरून. त्यांनी ते तुकडे जपले नसते तर आपण आंधळेच राहिलो असतो. त्या काळी न विचारणं हे निष्काळजीपणाचं लक्षण नव्हतं. आज ते आहे. आता विचारण्याची रीत आहे, छापील कागद आहे, समिती आहे.

आणि गरज तेव्हापेक्षा कितीतरी मोठी आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग जनुक प्रकल्पात देशादेशांनी एकेक कर्करोग वाटून घेतला, तेव्हा भारताने उचलला तो गालाच्या आतल्या अस्तराचा आणि हिरड्यांचा, म्हणजे तंबाखू-सुपारी गालात धरणाऱ्यांचा. कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि खारघरचं कर्करोग संशोधन केंद्र अॅक्ट्रेक यांनी मिळून हे काम केलं. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले: आधी ५० रुग्णांच्या गाठी वाचल्या, मग आणखी ६० रुग्णांवर पडताळणी, आणि या कर्करोगात वारंवार बिघडणाऱ्या काही नव्या जनुकांची ओळख. या ११० माणसांचे तुकडे मिळाले नसते तर गुटख्याच्या पट्ट्यातल्या रोगाचं औषध शोधताना आपण गोऱ्या लोकांच्या गाठींवरचे अंदाज वापरत बसलो असतो. जगातली जनुकांची माहिती अजूनही मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. भारतातल्या दहा हजार जणांचे जनुकसंच वाचणारा जीनोम इंडिया प्रकल्प झाला तो याच उणिवेपायी. खुद्द नाशकात, रक्ताच्या नमुन्यातून कर्करोगाच्या पेशी हुडकणारी चाचणी दातार कॅन्सर जेनेटिक्सने विकसित केली आणि २०२१ मध्ये तिला अमेरिकेच्या एफडीएचा 'ब्रेकथ्रू' दर्जा मिळाला. म्हणजे हे सगळं दूर कुठे बोस्टनला चाललंय असं समजायचं कारण उरलेलं नाही.

मेणातला ब्लॉक या कामाला दर वेळी पुरत नाही. त्यातला आरएनए तुटलेला असतो. ताजा तुकडा हवा, आणि शरीराचा रक्तपुरवठा सुटल्यापासून अर्ध्या-एक तासाच्या आत तो गोठवायला हवा. म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच बाहेर माणूस उभा पाहिजे, बर्फाचा डबा पाहिजे, उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन किंवा उणे ८० चा फ्रीझर पाहिजे, वीज गेली तर जनरेटर पाहिजे, आणि रात्री दोन वाजता फ्रीझरची घंटा वाजली तर उठून जाणारा कुणीतरी पाहिजे. आधी निदानाला लागेल तेवढा भाग बाजूला काढायचा आणि मगच उरलेल्याला हात लावायचा, ही यातली न मोडण्याची अट. शस्त्रक्रियेत एक चिमूट जास्त कापायचं नाही. पुस्तकातलं यावरचं प्रकरण तांत्रिक आहे, पण ते वगळू नका. नैतिकता बऱ्याचदा फ्रीझरच्या नोंदवहीत दिसते. ज्या संस्थेला उणे ८० चं तापमान दिवसातून दोनदा टिपता येत नाही, तिने लोकांकडे तुकडे मागू नयेत. घेऊन सडवणं हे न विचारता घेण्यापेक्षा बरं नाही.

आता संमतीच्या कागदाकडे येतो.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात काय घडतं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पेशंट उपाशी आहे, भेदरलेला आहे. निवासी डॉक्टर एका हातात फाइल घेऊन येतात. भुलीचा कागद, ऑपरेशनचा कागद, रक्त चढवायचा कागद. "इथे सही, इथे सही, आणि इथे नातेवाइकाची." संशोधनाचा कागद असलाच तर तो चौथा. कधी तो स्वतंत्र कागदही नसतो. ऑपरेशनच्या संमतीतच तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असते, की काढलेल्या ऊतीचा उपयोग शिक्षण व संशोधनासाठी करण्यास माझी हरकत नाही. माझं स्पष्ट मत असं, की त्या ओळीला संमती म्हणू नये. समीरा कोहली खटल्यात २००८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तपासणीसाठी दिलेली संमती उपचारासाठी चालत नाही, आणि रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत असेल तर दुसऱ्याच्या संमतीवर त्याच्या शरीराला हात लावता येत नाही. उपचाराची संमती संशोधनाला ताणायची नाही, हे त्याच न्यायाने ओघाने येतं.

एकदा एका समितीत आलेल्या मराठी संमतीपत्रात वाक्य होतं: 'सदर नमुन्यांचे अनामिकीकरण करून भविष्यकालीन अनिर्दिष्ट संशोधनार्थ साठवणूक केली जाईल.' संशोधक तरुण होते, हुशार होते, त्यांचा हेतू चांगला होता. मी म्हटलं, हे वाक्य तुमच्या आईला वाचून दाखवा. ते हसले. पुढच्या बैठकीला कागद आला त्यात लिहिलं होतं: 'तुमच्या गाठीचा थोडा भाग आम्ही ठेवून घेऊ. त्यावर तुमचं नाव नसेल, नंबर असेल. पुढे कोणता अभ्यास होईल हे आज आम्हालाही माहीत नाही. नको असेल तर नाही म्हणा, उपचारात काही फरक पडणार नाही. नंतर मन बदललं तर या नंबरवर फोन करा.' संमतीपत्रं कशी असावीत याचे प्रकार मार्गदर्शक तत्त्वांत सविस्तर आहेत: या एकाच अभ्यासापुरती संमती, ठरावीक प्रकारच्या कुठल्याही अभ्यासाला संमती, दर वेळी पुन्हा विचारण्याच्या अटीवर संमती. हे तिन्ही रकाने एका साध्या कागदावर बसतात. बसवायची इच्छा लागते.

आणखी एक दार आहे, त्याबद्दल पुस्तकाने थोडं मवाळ धोरण घेतलं आहे असं मला वाटलं. निदान झाल्यावर उरलेला नमुना, ज्यावरून माणूस ओळखता येत नाही, तो वापरायला एथिक्स कमिटी संमतीची अट माफ करू शकते. पंचवीस वर्षांपूर्वीच्या ब्लॉकचा धनी शोधायचा कुठे, तिथे ही सवलत रास्तच. पण हीच सवलत गेल्या आठवड्याच्या ब्लॉकला लावायची, पेशंट अजून टाके काढायला यायचा आहे तरी, हे आळसाचं काम झालं. प्रत्येक समितीने एकच प्रश्न विचारावा: माणूस सापडतोय का? सापडत असेल तर जा आणि विचारा.

आता नाशिकविषयी, कारण हे पुस्तक नाशकात लिहिलं गेलं याला अर्थ आहे. राज्यातल्या वैद्यकीय शिक्षणाचं मुख्य दप्तर इथे आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, दिंडोरी रस्त्यावर. राज्यभरच्या एमडी-एमएसच्या विद्यार्थ्यांना प्रबंध लिहावा लागतो, आणि त्यातले कित्येक प्रबंध तुकड्यांवर आणि रक्ताच्या नमुन्यांवरच उभे असतात. आदिवासी विकास आयुक्तालयही नाशकातच आहे. राज्यभरच्या आश्रमशाळांचा कारभार तिथून चालतो. या दोन कार्यालयांचा एकमेकांशी एरवी फारसा संबंध येत नाही. या विषयात मात्र तो थेट आहे.

सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबक, इगतपुरी या तालुक्यांत कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल समाजाची वस्ती मोठी. महाराष्ट्राच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेल्या सिकलसेलविरोधी राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. ती व्हायलाच हवी. लग्नाआधी आपण वाहक आहोत हे कळणं फार मोलाचं आहे. पण तपासणीला घेतलेल्या रक्ताचा उरलेला थेंब, आणि त्यातून निघालेली जनुकांची माहिती, पुढे कुठे जाते हे तपासलेल्या मुलीच्या आईबापांना कुणी त्यांच्या बोलीत सांगितलं का? आश्रमशाळेत मुलं शेकड्याने एका छताखाली मिळतात. नमुने गोळा करणाऱ्याला यापेक्षा सोयीची जागा नाही, आणि म्हणूनच तिथे जपून पाऊल टाकायला हवं. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत एचपीव्ही लशीचा अभ्यास झाला, तेव्हा खम्ममच्या वसतिगृहांतल्या मुलींच्या वतीने कितीतरी संमतीपत्रांवर गृहपालांनीच सह्या केल्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने २०१३ च्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले. गृहपाल चांगला माणूस असू शकतो. तो मुलीचा बाप नसतो.

अमेरिकेत ग्रँड कॅन्यनच्या तळाशी राहणाऱ्या हवासुपाई जमातीने १९९० मध्ये मधुमेहाच्या अभ्यासाला रक्त दिलं. त्यांच्यात मधुमेह फार होता, उपाय सापडेल अशी आशा होती. पुढे त्याच रक्तावर मानसिक आजार, नात्यातली लग्नं, जमात मुळात आली कुठून, असे अभ्यास झाले. शेवटचा तर त्यांच्या उत्पत्तीच्या श्रद्धेलाच खोटं पाडणारा. २०१० मध्ये ते अभ्यास करणाऱ्या विद्यापीठाने सात लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. आपल्या आदिवासी भागातून गेलेल्या नमुन्यांवर उद्या कुणी असाच काही अभ्यास केला, तर इथल्या समाजाला तो कळेल तरी का, याची मला शंका आहे.

'आपले लोक देत नाहीत' असं संशोधक म्हणतात तेव्हा मला ते पटत नाही. गोदावरीकाठी रामकुंडावर रोज लांबलांबून माणसं अस्थी घेऊन येतात. शरीराच्या शेवटच्या उरल्यासुरल्या भागाचंही काही करायचं असतं, तो कुठेही टाकायचा नसतो, ही जाण त्यांना शिकवावी लागत नाही. बाळाची वार अजूनही पुष्कळ घरांत पुरतात. कापलेला पाय दफन करायला मागणारी कुटुंबं आहेत, आणि ती मागणी रास्त आहे. या लोकांना अंधश्रद्ध ठरवून बाजूला सारणं सोपं आहे. पण ज्याला आपल्या शरीराच्या तुकड्याची इतकी कदर, त्याला नीट विचारलं तर तो विचारपूर्वक हो म्हणेल किंवा विचारपूर्वक नाही म्हणेल. हिंगोलीकडचे नानाजी देशमुख २०१० मध्ये गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देह दिल्लीच्या एम्सला दिला गेला. नेत्रदान-देहदानाचे अर्ज भरणारी साधी माणसं आपल्या गावोगावी आहेत. दधीची ऋषींची गोष्ट सांगावी लागत नाही इतकी ती ठाऊक आहे. ती सांगताना एक मुद्दा मात्र सुटतो: देवांनी दधीचींकडे जाऊन हाडं मागितली होती.

लोक बिचकतात ते पैशाच्या वासाने. मूत्रपिंडांच्या चोरट्या व्यापाराच्या बातम्या सगळ्यांनी वाचलेल्या असतात. २०२३ मध्ये तर हार्वर्डच्या शवागारातून दान केलेल्या देहांचे भाग विकले गेल्याचा गुन्हा दाखल झाला. तेव्हा संस्थेच्या नावाने निर्धास्त व्हायचे दिवस गेले. मानवी नमुने परदेशी पाठवण्यावरचे निर्बंध आपल्या सरकारने २०१६ मध्ये बरेच सैल केले. त्याने संशोधनाची सोय झाली हे खरं, पण नमुना सीमेपलीकडे गेला की त्याचा माग ठेवणं अवघड होतं हेही खरं. देणाऱ्याला तुकड्याचे पैसे द्यायचे नाहीत, हा सर्वमान्य नियम आहे आणि मला तो योग्य वाटतो. नाहीतर गरिबाचं शरीर हेच त्याचं भांडवल होऊन बसेल. मात्र देणाऱ्याने फुकट दिलेला तुकडा पुढे हातोहाती महाग होत जावा आणि मधल्या प्रत्येकाने 'आम्ही तुकड्याचे नाही, सेवेचे पैसे घेतो' म्हणावं, हा प्रकार फार सोज्वळ नाही. साठवण, वाहतूक, तपासणी यांचा खर्च असतो, तो जरूर घ्यावा. तो किती, हे छापून भिंतीवर लावावं. ब्रिटनमध्ये लिव्हरपूलच्या 'आल्डर हे' रुग्णालयात मृत मुलांचे अवयव आईबापांना न सांगता ठेवले गेल्याचं उघड झाल्यावर २००४ मध्ये मानवी ऊतींचा कायदा आला आणि परवाने देणारी, तपासणी करणारी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. आपल्याकडे तसा कायदा यायला तशाच एखाद्या प्रकरणाची वाट पाहू नये. पुस्तकातलं खरेदी-विक्रीवरचं प्रकरण सगळ्यांत छोटं आहे, ही माझी तक्रार लेखकांच्या कानावर घातली आहे. पुढच्या आवृत्तीत ते वाढवतील असं ते म्हणाले.

हे पुस्तक डॉक्टरांनी वाचावं, पण त्याहून जास्त ते नर्सिंगच्या आणि लॅब टेक्निशियनच्या विद्यार्थ्यांनी वाचावं. कारण कागद पुढे करतात ते, डबीवर पट्टी चिकटवतात ते, आणि "हे कशाला?" असा प्रश्न ऐकून घेतात तेही तेच. आरोग्य विद्यापीठाने संशोधनाच्या संमतीचा एक साधा मराठी नमुना तयार करून सगळ्या महाविद्यालयांना सक्तीचा करावा, आणि आदिवासी विकास विभागाने आश्रमशाळेतल्या मुलामुलींचा कुठलाही नमुना पालकांशी त्यांच्या बोलीत बोलल्याशिवाय आणि त्याची लेखी नोंद ठेवल्याशिवाय बाहेर जाऊ देऊ नये. या दोन गोष्टींना नवा कायदा लागत नाही, एकेक परिपत्रक पुरतं.

वाचकहो, तुमच्या घरातल्या कुणाचं ऑपरेशन ठरलं तर आदल्या रात्री कागदांवर सह्या होतील. त्यात संशोधनाची ओळ कुठे आहे ते विचारा. तुकडा कुठे ठेवणार, कोण वापरणार, नको झाला तर कुणाला सांगायचं, हे विचारा. समाधान झालं तर आनंदाने द्या, कारण त्याची खरोखर गरज आहे. उत्तर मिळालं नाही तर ऑपरेशनच्या कागदावर सही करा आणि संशोधनाच्या ओळीवर काट मारा. त्याने उपचार अडत नाही, अडवता येत नाही.